वाचकांचे प्रश्न : रस्ता, बस आणि बदलते हवामान, सभागृहात कोणी आणि कधी विचारायचे?

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नवे सभागृह आल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शहरातील वाहतूक, रस्ते आणि पुराचे पाणी यांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी रोज मिरजेहून विश्रामबागला महाविद्यालयात येते. सकाळची शहर बस चुकली किंवा आलीच नाही, तर वडापशिवाय, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी वाहनांशिवाय, पर्याय नसतो. प्रभागातील नगरसेवकांकडे तक्रार केली, तेव्हा ‘बस एसटीची आहे, महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या उपयोगाचे आहे.

आपल्याकडील शहर बससेवा राज्य परिवहन महामंडळ चालवते. हे महामंडळ राज्य शासनाच्या अखत्यारीत असल्यामुळे कोणत्या मार्गावर किती फेऱ्या सोडायच्या, हे महापालिकेचे सभागृह थेट ठरवू शकत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे १८ विषय आहेत. त्यांत ‘शहर वाहतूक’ असा स्वतंत्र विषय नाही. जबाबदारी टाळण्यासाठी सर्वत्र याच फटीचा आधार घेतला जातो. मात्र त्याच अनुसूचीत नगररचना, रस्ते व पूल, पर्यावरणाचे रक्षण, वाहनतळ आणि बसथांबे ही कामे स्पष्ट शब्दांत नोंदवलेली आहेत. बस महामंडळाची असली, तरी ती जिथे थांबते ती जागा, थांब्यावरील निवारा, तिथपर्यंत चालत जाण्याचा पदपथ, थांब्यासमोर उभ्या राहणाऱ्या रिक्षा आणि हातगाड्यांची व्यवस्था, या सर्वांत महापालिकेचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. त्या विचारविनिमयात आपल्या महापालिकेने काय मत दिले, हे नगरसेवक विचारू शकतात आणि माहिती अधिकारात आपणही विचारू शकता.

दुसरी बाब स्वतःच्या बससेवेची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार प्रवासी वाहतूक हे महापालिकेच्या ऐच्छिक कामांपैकी एक आहे; असा उपक्रम सुरू केल्यास त्यासाठी परिवहन समिती नेमता येते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेली ‘पीएम ई-बस सेवा’ योजना २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे, आणि त्या जनगणनेत आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. देशभरात दहा हजार विद्युत बस आणि त्या चालवण्यासाठी दहा वर्षे साहाय्य, असे या योजनेचे स्वरूप आहे. बस येण्याचा दिवस समारंभाने साजरा होईल. सभागृहाने मात्र अकराव्या वर्षाचा प्रश्न आजच विचारला पाहिजे. साहाय्य संपल्यावर प्रति किलोमीटर येणारी तूट कोणत्या लेखाशीर्षातून भरणार आणि त्यासाठी आतापासून काही रक्कम बाजूला ठेवणार का, याचे लेखी उत्तर इतिवृत्तात आले नाही, तर सेवा बंद करण्याची वेळ आल्यावर जाब विचारायला कागद राहणार नाही.

तिसरी बाब भारमानाची. एसटीत हा शब्द रोजचा आहे; उपलब्ध आसनांपैकी किती आसने प्रत्यक्ष भरली, याचे ते प्रमाण. भारमान कमी म्हणून फेरी बंद होते, फेरी बंद झाल्यामुळे प्रवासी वडापकडे आणि दुचाकीकडे वळतात, आणि पुढच्या फेरीचे भारमान आणखी घसरते. हे चक्र कुठे सुरू झाले, हे पाहायचे असेल तर थांब्यावर जाऊन उभे राहावे. थांब्यावर वेळापत्रकाचा फलक नाही, पत्र्याच्या निवाऱ्याखाली दुचाक्या लावलेल्या आहेत, पदपथावरचे चेंबर उघडे आहे आणि बस आली तरी ती कडेला लागू शकत नसल्याने प्रवाशाला रस्त्याच्या मध्यावर जाऊन चढावे लागते, अशा ठिकाणी भारमान वाढण्याची अपेक्षा धरता येत नाही. यांतील वेळापत्रक सोडले, तर सर्व कामे महापालिकेची आहेत. म्हणून आपल्या नगरसेवकांकडे तक्रार पुन्हा न्या. परंतु ‘बस द्या’ एवढेच न म्हणता, मिरज ते सांगली मार्गावरील प्रत्येक थांब्याची पाहणी करून महामंडळ, वाहतूक पोलीस आणि महापालिका यांची संयुक्त बैठक घ्यावी, असा ठराव मांडण्याची विनंती करा.

प्रश्न : रस्ता रुंदीकरण, उड्डाणपूल किंवा वाहतूक आराखडा यांविषयी आम्हाला वृत्तपत्रातून कळते, तेव्हा निविदा निघालेली असते. देखरेख नेमकी कोणत्या टप्प्यावर होऊ शकते? (एक निवृत्त अभियंता, विश्रामबाग)

उत्तर : आपला प्रश्न या सदरातील सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

देखरेख म्हणजे काम सुरू झाल्यावर खडी मोजणे, असा समज रूढ आहे. ती गुणवत्तेची तपासणी झाली. कोणता रस्ता, कोणासाठी, कशाच्या ऐवजी, हे ठरते त्या वेळी विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा असतो. असे टप्पे कायद्यात आहेत, पण ते फार शांतपणे पार पडतात.

पहिला टप्पा विकास आराखड्याचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नंतर एखाद्या रस्त्याची रुंदी किंवा एखादे आरक्षण बदलायचे असेल, तर कलम ३७ खाली फेरबदलाची कार्यवाही होते आणि तिथेही जाहीर सूचना निघते. या सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात असतात. आपल्यासारख्या नकाशा वाचता येणाऱ्या माणसाने त्या नियमित पाहाव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण उद्यानाच्या किंवा वाहनतळाच्या आरक्षणात झालेला बदल पुढील तीस वर्षांची वाहतूक ठरवून जातो.

दुसरा टप्पा अंदाजपत्रकाचा. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात बदल करून ते सर्वसाधारण सभेपुढे नेते. या दिवसांत नगरसेवकांचे लक्ष आपल्या प्रभागाला किती निधी मिळाला याकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि एकूण रस्त्यांच्या तरतुदीपैकी पदपथ, बसथांबे आणि पावसाळी गटारींना किती वाटा मिळाला व मागील वर्षी त्यातील किती रक्कम अखर्चित राहिली, हे दोन आकडे एकाही सदस्याने मागितले, तरी चर्चेचा रोख बदलतो. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी करावे, असे सांगितले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला. नव्या रस्त्याच्या प्रस्तावात ही १.८ मीटरची पट्टी दाखवली नसेल, तर सभागृहाने तो प्रस्ताव परत पाठवावा.

तिसरा टप्पा सभेच्या विषयपत्रिकेचा. प्रत्येक विषयासोबत प्रशासनाचा गोषवारा असतो आणि तो सदस्यांना आधी मिळतो. अडचण ‘ऐनवेळच्या विषयां’ची, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना सभेत मांडल्या जाणाऱ्या विषयांची आहे. कोट्यवधींचा रस्ता किंवा वाहतुकीचा दीर्घ मुदतीचा करार ऐनवेळी पटलावर आला आणि आवाजी मतदानाने मंजूर झाला, तर तिथे देखरेखीला जागाच उरत नाही. तातडीच्या दुरुस्तीसाठी ऐनवेळचा विषय समजू शकतो. पंधरा-वीस वर्षांचे बंधन घालणारा विषय त्या मार्गाने येणे मला कदापि मान्य होणार नाही, मग सत्ता कोणत्याही पक्षाची असो. अशा विषयाला उपसूचना देऊन तो पुढील सभेपर्यंत तहकूब करण्याची मागणी कोणताही सदस्य करू शकतो, आणि बहुमताने ती फेटाळली गेली तरी तिची नोंद इतिवृत्तात राहते. सर्वसाधारण सभा, सभागृहाने अन्यथा ठरवले नाही तर, नागरिकांसाठी खुली असते. प्रेक्षागृहात बसलेली दहा माणसेही चर्चेचा सूर पालटू शकतात.

प्रभाग समित्यांचा उल्लेख करायला हवा. तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत त्या घटनेनेच बंधनकारक आहेत, आणि आपल्या अधिनियमात त्यांवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील एकेका भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूदही त्याच अधिनियमात आहे. आपल्या प्रभागात शेवटची क्षेत्रसभा केव्हा झाली, हे माहिती अधिकारात विचारावे. दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

एक मर्यादा मात्र सांगतो. सभागृहाने केलेला ठराव राज्य शासन अधिनियमाच्या कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते, आणि शहरातून जाणारे काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा महामार्ग यंत्रणेच्या ताब्यात असतात. तेथे सभागृहाला शिफारस करण्यापलीकडे जाता येत नाही. तरीही नोंदवलेली शिफारस आणि न केलेली शिफारस यांत फरक आहे.

प्रश्न : आमचे घर नदीपासून दूर, पण सखल भागात आहे. गेल्या काही वर्षांत रस्त्यावर थरावर थर पडून आता रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा वर आला आहे. नदीला पूर नसतानाही जोराचा पाऊस झाला की पाणी घरात येते. हवामान धोरणाच्या गप्पांत आमच्यासारख्यांना जागा आहे का? (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : ताई, हवामान धोरणाची सुरुवातच आपल्या उंबऱ्यापासून व्हायला हवी.

सांगलीत पूर म्हटले की आयर्विन पुलाजवळची पातळी डोळ्यांपुढे येते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. परंतु आपण लिहिता तो प्रकार वेगळा आहे. तो नदीचा नसून शहरात पडलेल्या पावसाचे पाणी बाहेर न जाण्याचा आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून थोड्या वेळात फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतात. जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या गटारी आणि मोऱ्या त्याला पुरत नाहीत. त्यात रस्त्याची उंची वाढली की रस्ता बांधासारखा आडवा पडतो आणि पाणी अडते.

यावर अभियांत्रिकी उपाय अवघड नाही. नवा थर टाकण्याआधी जुना थर यंत्राने खरवडून काढावा, म्हणजे रस्त्याची मूळ पातळी कायम राहते. काँक्रीटचा रस्ता करायचा असेल, तर आधी खोदून पाया खाली घ्यावा लागतो. यासाठी खर्च वाढतो, म्हणून ही बाब अंदाजपत्रकातून गळते. आपण महापालिकेला अर्ज देऊन आपल्या रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि मंजूर तांत्रिक आराखड्याची प्रत मागावी. त्यात रस्त्याची ‘तयार पातळी’ किती दाखवली आहे आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांची नोंद घेतली आहे का, हे पाहावे. ती नोंद नसेल, तर आपल्या नगरसेवकांनी सभागृहात एकच मागणी लावून धरावी : घरांच्या जोत्याची आणि गटारीच्या तळाची पातळी मोजल्याशिवाय कोणत्याही रस्त्याच्या डांबरीकरणाला किंवा काँक्रिटीकरणाला प्रशासकीय मान्यता देऊ नये.

याच ठिकाणी वाहतूक नियोजन आणि हवामान धोरण एकमेकांत मिसळतात, आणि दोन स्वतंत्र फायलींत ठेवल्यामुळे दोन्ही बिघडतात. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने नदीच्या पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले होते. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. विद्युत बसचे आगार आणि चार्जिंग केंद्र, नवा वाहनतळ, रुग्णालयाकडे जाणारा मुख्य रस्ता, यांची जागा ठरवताना त्या रेषांचा नकाशा बांधकाम विभागाच्या टेबलावर असतो का? महापुराच्या दिवसांत सांगलीहून मिरजेच्या रुग्णालयांपर्यंत रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने जाईल, याचा निर्णय पाणी चढल्यावर घेण्याऐवजी वाहतूक आराखड्यातच असला पाहिजे. इतक्या वेळा पाणी पाहिलेल्या शहराने हे अजून सक्तीचे करू नये, याचे मला अतिशय वाईट वाटते.

प्रश्न : शहराच्या हवेविषयी आणि पर्यावरणाविषयी महापालिका काही अहवाल देते का? तो कोण वाचते? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर : देते, आणि द्यावाच लागतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. दुर्दैवाने बहुतेक शहरांत हा अहवाल एखाद्या संस्थेकडून तयार करून घेतला जातो, पटलावर ठेवला जातो आणि ‘नोंद घेण्यात आली’ या तीन शब्दांवर विषय संपतो.

सांगली हे २०१९ पासूनच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहर आहे, म्हणजे येथील हवा ठरवून दिलेल्या मानकांत बसत नाही, हे केंद्राने मान्य केले आहे. धूलिकण २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटवायचे, हे मूळ उद्दिष्ट होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवण्यात आले. त्यासाठी निधी येतो. देशभर त्याचा मोठा भाग रस्त्यावरील धूळ आटोक्यात आणण्यावर खर्च झाला. धूळ कमी व्हायलाच हवी. पण औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या मालमोटारींचा मार्ग, जुन्या रिक्षा आणि बससेवा यांवर किती खर्च झाला, हे सभागृहाने स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. राज्य शासनाच्या ऑक्टोबर २०२० पासून सुरू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही गुणांकन असते. गुण मिळाल्याचा फलक लागतो, तेव्हा गुण कशात गेले तेही प्रसिद्ध करावे, अशी मागणी रास्त आहे.

आपण जुलैच्या आधी एक करू शकता. महापालिकेकडून मागील दोन वर्षांचे अहवाल मिळवा आणि त्यांतील कुपवाडच्या हवेचे आकडे शेजारी ठेवून आपल्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना द्या. आकडे हातात असलेला सदस्य ‘नोंद घेण्यात आली’ म्हणून गप्प बसण्याची शक्यता कमी असते.

प्रश्न : आमच्याकडे नगरपरिषद आहे. हे सर्व आम्हाला लागू होते का? शिवाय एवढ्या लहान शहराने बस चालवून हवामानात काय फरक पडणार? (एक व्यापारी, सातारा)

उत्तर : आपल्याला १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम लागू आहे. तेथे आयुक्तांऐवजी मुख्याधिकारी असतात आणि समित्यांची रचना वेगळी आहे. विकास आराखडा, हरकती, माहिती अधिकार आणि झाडांविषयीचा कायदा मात्र समान आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी ढोबळ हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीत एकटा माणूस असेल, तर किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम. लिटरला ५० किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीवर सुमारे ४६ ग्रॅम. आणि लिटरला चार किलोमीटर चालणाऱ्या डिझेल बसमध्ये ४० प्रवासी असतील, तर प्रत्येकी सुमारे १७ ग्रॅम. पण त्याच बसमध्ये दहाच प्रवासी असले, तर हा आकडा ६७ ग्रॅमवर जातो, म्हणजे दुचाकीपेक्षाही जास्त. नुसती बस आणून हवामानाचे काम होत नाही, भरलेली बस हवी, आणि ती भरते की नाही हे थांबा, पदपथ, वेळापत्रक आणि वाहनतळाचे दर यांवर अवलंबून असते. हे दिल्लीत किंवा मुंबईत ठरत नाही. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. लहान शहरांना तेवढ्या जाड ग्रंथाची गरज नाही, या चार गोष्टींचा वार्षिक आढावा सभेत घेतला तरी मोठे काम होईल.

प्रश्न : रस्ता रुंदीकरणासाठी आमच्या रस्त्यावरील जुन्या झाडांवर आकडे टाकले आहेत. आता काही करता येते का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : करता येते, पण लगेच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार तोडीपूर्वी जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून आजच बुंध्यावरील नोटीस वाचा, तिचे तारखेसह छायाचित्र काढा आणि वृक्ष अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आहे. त्यामुळे झाडाचे वय प्रस्तावात किती लिहिले आहे, हे जरूर तपासा. केवळ विरोध न नोंदवता, रस्त्याची मध्यरेषा किती सरकवली तर झाडे वाचतील, याचे साधे रेखाचित्र सोबत जोडा. मिरज तालुक्यातील भोसे येथे २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी एका जुन्या वटवृक्षासाठी बदलण्यात आली होती, आणि ते काम तर राष्ट्रीय महामार्गाचे होते. हरकतीची एक प्रत प्रभाग समितीच्या सभापतींनाही द्या.